नाल्यातला काळा दगड किती झिजतो, याचं गणित कसं मांडावं?

बरडावरचा

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. गावाला लागून जो नाला आहे, त्याचा तळ पुलाखाली बराच लांबपर्यंत उघडा काळा दगड आहे. उन्हाळ्यात खाली उतरलं की दगडावर गुळगुळीत पन्हळी दिसतात. काही ठिकाणी रांजणखळगे पडलेत, त्यातले एकदोन कमरेएवढे खोल. हे पाणी शेवटी पैनगंगेला जातं.

ग्रामसभेत वरच्या अंगाला सिमेंट नाला बंधारा घ्यायचं चाललंय. तिथे दोन मतं पडली. एक म्हणतं, बंधारा झाला की पाण्याचा जोर मोडेल आणि खालचा नाला कोरला जायचा थांबेल. दुसरं नेमकं उलट. मला हे बारावीच्या मुलांकडून आकड्यांत मांडून घ्यायचं आहे.

शोधलं की सगळीकडे हेच सूत्र सापडतं:

झिजेचा वेग = क × (पाणलोट क्षेत्र)^म × (उतार)^न (क, म, न हे मोजमापांवरून काढायचे स्थिर आकडे)

हॉवर्ड आणि कर्बी या दोघांनी १९८३ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या घळींवर काम करून ते मांडलं. म भागिले न साधारण ०.५ येतं. म्हणजे पाणलोट चौपट झाला की तेवढ्याच झिजेला निम्मा उतार पुरतो. नदी उगमाकडे खडी आणि खाली सपाट का असते, हेही त्यातून निघतं. सूत्र देखणं आहे. पण यात गोटे कुठे आहेत? पाषाण झिजतो तो पाण्याबरोबर घरंगळणाऱ्या गोट्यांनी आणि रेतीनं, असं माझं ठाम मत आहे. गोटेच नसलेलं समीकरण आमच्या बंधाऱ्याबद्दल काय सांगणार? कोणतं समीकरण घ्यावं, काय काय मोजावं, जाणकारांनी कृपया सांगावं.

धुरेकरी

सर, सोळा आणे खरं बोलले. आमचं वावर नाल्याले लागूनच हाये. पुराच्या राती बाजेवर पडलं का गोटे वाजताना ऐकू येतेत. पाण्याचा आवाज वेगळा अन् खालून गडगड येते तो वेगळा. साध्या पाण्यात येत नाही. पाणी धुऱ्यावरच्या उंबराच्या मुळीले लागलं का मंगच सुरू होते. आमचा बुढा म्हने, 'गोटे बोलाले लागले, ढोरं सोडा.'

त्रिज्या

धुरेकरी भाऊंनी जे सांगितलं ना, तेच या विषयातलं पहिलं समीकरण आहे. एका ठरावीक खोलीखाली गोटा हलतच नाही. १९३६ साली शील्ड्स नावाच्या अभियंत्यानं बर्लिनमध्ये हे प्रयोगानं दाखवलं.

हिशेब सोपा आहे. तळावर पाणी जो शिअर स्ट्रेस (तळाला घासत ओढणारा ताण) लावतं तो = पाण्याची घनता × ९.८ × खोली × उतार. नाल्याचा उतार हजाराला पाच धरा. पाणी १ मीटर खोल असेल तर १००० × ९.८ × १ × ०.००५ = ४९ पास्कल.

आता गोट्याची बाजू. बेसाल्टची घनता २९०० धरली तर पाण्यात त्याचं जादा वजन घनमीटरला १९०० किलो. शील्ड्सचा उंबरठ्याचा आकडा, म्हणजे गोटा हलू लागतो तेव्हाचं ताण आणि गोट्याचं पाण्यातलं वजन यांचं गुणोत्तर, ०.०३ ते ०.०६ च्या दरम्यान येतो, आपण ०.०४५ घेऊ. ०.०४५ × १९०० × ९.८ = ८३८. ४९ ला ८३८ ने भागा, ०.०५८ मीटर. म्हणजे मीटरभर पाणी सुमारे ६ सेंटिमीटरचा गोटा जेमतेम हलवतं. अर्धा मीटर पाणी असेल तर ३ सेंटिमीटरचा, दोन मीटर असेल तर १२ सेंटिमीटरचा.

सर, उतार मात्र नकाशावरून घेऊ नका. उपग्रहाच्या ३० मीटरच्या चौकटीत तुमचा नाला नीट दिसणारही नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानं भरून प्रत्यक्ष मोजा.

जुना_खोडरबर

आम्हाला भूगोलाला शिकवलं होतं की पाण्याचा वेग दुप्पट झाला की ६४ पट वजनाचा दगड हलतो. ते खरं की खोटं? तेव्हा विचारायची हिंमत नव्हती, सर छडी घेऊन उभे असायचे.

त्रिज्या

@जुना_खोडरबर, खरं आहे. एकोणिसाव्या शतकात हॉपकिन्सनं मांडलेला हा नियम. ताण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. हलणाऱ्या गोट्याचा व्यास ताणाच्या प्रमाणात, म्हणजे तोही वेगाच्या वर्गाप्रमाणे. वजन व्यासाच्या घनाप्रमाणे. वर्गाचा घन म्हणजे सहावा घात, आणि २ चा सहावा घात ६४. मात्र हे हलू शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या दगडाबद्दल आहे. एकूण माल, म्हणजे गोटे-रेती, किती वाहतो त्याचं सूत्र वेगळं. मायर-पीटर आणि म्युलर यांनी १९४८ साली ते दिलं: उंबरठ्याच्या वर जेवढा ताण उरतो त्याचा दीड घात. म्हणून वर्षभराच्या पाण्यापेक्षा दोनतीन मोठे पूरच सगळं काम करून जातात.

वैनगंगेचं_पाणी

गणिताचा धागा पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. वाचनखूण साठवली.

सातपुडा_पायथा

थोडा विरोध नोंदवतो. मी मेळघाटातला. सिपना नदीत उतरून पाहा, तिथले धोंडे घासून तयार झालेले नाहीत, उपटून आलेले आहेत. आपला काळा दगड थंड होताना तडकलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातच शिबला इथे जे बेसाल्टचे षटकोनी खांब सापडलेत, ते याचं टोकाचं उदाहरण. तडांमध्ये पाणी शिरतं, बारीक खडे पाचरीसारखे अडकतात, आणि एका पुरात अख्खा ठोकळा निघून जातो. शंभर वर्षं घासून जेवढं जात नाही तेवढं एका रात्रीत.

शिवाय दख्खनचा दगड एकसारखा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. एक थर टणक, त्याच्यावर किंवा खाली सच्छिद्र गारगोट्यांचा, मध्येच लाल मातीचा पट्टा. मऊ थर आधी पोखरला जातो, वरचा टणक कडा अधांतरी राहतो आणि कोसळतो. चिखलदऱ्याच्या दऱ्यांचे कडे पाहिले की हे कळतं. तिथे तुमचं गोट्यांचं समीकरण काय करणार?

बरडावरचा

@सातपुडा_पायथा, हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि दोन्ही गोष्टी एकाच नाल्यात सापडतात. पुलाखालचा दगड एकसंध आहे, तिथे तडा हातहात लांब अंतरावरसुद्धा नाहीत. गुळगुळीत पन्हळी आणि खळगे तिथेच आहेत. पुलाच्या खाली जरा पुढे गेलं की दगड तडकलेला आहे, तिथे पायऱ्या पायऱ्या दिसतात आणि एकही रांजणखळगा नाही. म्हणजे तडांमधलं अंतर हेच मोजायला हवं. जिथे तडा दाट तिथे उपट, जिथे विरळ तिथे घासट.

कोरपना_कट्टा

आमच्याकडची तिसरी तऱ्हा सांगतो. वणी, कोरपना, राजुरा हा पट्टा चुनखडकाचा. इथे गोटा नसला तरी दगड जातो, कारण पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो आणि चुना विरघळतो. त्या झिजेचा वेग पाण्यात आधीच किती चुना आहे त्यावर ठरतो. शेजारी चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात वालुकाश्म, तो गोट्यानं चटकन झिजतो. एकाच टापूत तीन दगड आणि तीन गणितं.

त्या सूत्रातल्या 'क' कडे म्हणूनच जरा संशयानं पाहा. स्टॉक आणि माँटगोमेरी यांनी १९९९ साली वेगवेगळ्या प्रदेशांतल्या नद्यांवरून तो काढला, तर दगडाच्या जातीनुसार आणि हवामानानुसार त्याच्यात पाच घातांचा फरक आला. म्हणजे लाख पटीचा!

रोखठोक

सगळं वाचलं. अभ्यास चांगला आहे, पण शेतकऱ्याला याचं काय? दगड वर्षाला मिलिमीटरभरही झिजत नसेल. माझ्या भावाच्या वावराचा धुरा दोन वर्षांआधी एका पुरात गेला, वर अर्धा एकर काळी खरडून गेली. तलाठी आले, पंचनामा झाला. नाल्याच्या दगडाचं गणित करण्यापेक्षा काठाच्या मातीचं करा.

धुरेकरी

+१. माती गेली का येत नाही बापा. दगडाचं काय, तो हाये तिथंच हाये.

पाटसरी

मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. रोखठोक यांचं दुखणं मला माहीत आहे, पण काठ आणि तळ वेगळे करता येत नाहीत. काठाची माती सहसा वरून कापत नाही, पायथ्यापासून पोखरते. तळाचा गोट्या-रेतीचा थर निघून गेला की काठाचा पायथा उघडा पडतो, मग वरची काळी ढलप्यांनी कोसळते. मातीसाठी सूत्र सोपं आहे: झीज = मातीचा गुणांक × (ताण वजा उंबरठ्याचा ताण). घट्ट चिकण काळीचा उंबरठा जास्त, मुरमाड काठाचा कमी.

आता बंधाऱ्याचं. बंधाऱ्यामागे गोटे आणि रेती अडते. वरून सांडणारं पाणी रिकामं असतं आणि वाहून नेण्याची ताकद मात्र तशीच राहते. ती ताकद ते खालच्या तळावर आणि काठावर खर्च करतं. बंधाऱ्याच्या पायथ्याशी खड्डा पडतो तो यानंच. भिंतीखाली पुरेशा लांबीचा पक्का तळ केला नाही तर दोनचार पुरांत भिंत अधांतरी होते. असे बंधारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

बरडावरचा

@पाटसरी काका, मग ग्रामसभेतलं दुसरं मत बरोबर म्हणायचं?

त्रिज्या

थांबा, इतकं सरळ नाही. यासाठीच मला स्क्लार आणि डायट्रिक यांचं काम सांगायचं होतं. त्यांनी २००१ साली छोट्या टाक्यांमध्ये दगडाच्या चकत्या तळाशी बसवल्या, वर पाणी ढवळत ठेवलं आणि रेती-खडी कमीजास्त करत गेले. खडी नाही तर झीज जवळपास नाही. थोडी टाकली की झीज वाढली. आणखी टाकत गेले तशी एका टप्प्यानंतर कमी होऊ लागली, कारण खडीनंच तळ झाकला गेला. गोटे हत्यारही आहेत आणि पांघरूणही. दगडाचंही त्यांनी मोजलं: ताणून तोडायला लागणारं बळ निम्मं असेल तर झीज चौपट.

सर्वांत साध्या रूपात ते असं लिहिता येतं. नाला जेवढा माल वाहू शकतो त्याच्या किती हिस्सा माल वरून येतो, त्याला 'य' म्हणा. मग

झीज = स्थिरांक × य × (१ − य)

पहिला य म्हणजे हत्यारं, (१ − य) म्हणजे उघडा तळ.

बरडावरचा

वा! हे तर बारावीच्या मुलांच्या हातातलं आहे. य(१ − य) चा डेरिव्हेटिव्ह १ − २य, शून्य होतो य = ½ ला. म्हणजे नाल्याच्या ताकदीच्या निम्मा माल येत असेल तेव्हा झीज सगळ्यात जास्त.

आणि बंधाऱ्याचं उत्तर यातच आहे. बंधारा य कमी करतो. आज य ०.९ असेल, म्हणजे तळ गोट्यांनी जवळजवळ भरलेला, आणि बंधाऱ्यामुळे तो ०.५ वर आला, तर झीज ०.०९ वरून ०.२५ वर जाते, पावणेतीन पट. पण आज य ०.३ असेल आणि बंधाऱ्यानं ०.१ झाला, तर ०.२१ वरून ०.०९ वर उतरते. ग्रामसभेतली दोन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. प्रश्न एवढाच की आमचा नाला ½ च्या कोणत्या बाजूला आहे.

पाटसरी

पुलाखाली उघडा दगड आहे म्हणता, म्हणजे तिथे य कमी असावा. पुढे जिथे गोट्यांचा थर आहे आणि बाजूला वावरं आहेत, तिथे य जास्त. एकाच बंधाऱ्यानं दगडाची झीज घटेल आणि वावरांचे काठ धोक्यात येतील, असं होऊ शकतं. आणि हे कायमचंही नाही. बंधारा गाळानं भरला की गोटे पुन्हा वरून जाऊ लागतात.

रोखठोक

आता पटलं. मग रेतीचंही धरा. आमच्याकडे घाटावरून रात्रीतून ट्रॅक्टर भरून रेती जाते. तोही य कमी करणारच ना?

पाटसरी

अगदी. नदीच्या दृष्टीनं रेती बंधाऱ्यात अडली काय न् ट्रॅक्टरमध्ये गेली काय, खाली पोचली नाही एवढंच. फरक इतका की उपशात पांघरूण आधी जातं.

रांजण

अवांतर: रांजणखळग्यांचा विषय निघाला म्हणून. निघोजला कुकडी नदीत आहेत ते सगळ्यांना माहीत, पण आपल्याकडेही पैनगंगेच्या खोऱ्यातल्या नाल्यांत लहान लहान बरेच आहेत. आमची आजी सांगायची की भीमानं जेवायला बसताना गुडघे टेकले तिथे ते पडले. उन्हाळ्यात एखादा उपसून पाहा, तळाशी दोनचार अगदी गोल गोटे सापडतात. ते भोवऱ्यात फिरून खलबत्त्यासारखं काम करतात. खळगा खोल झाला की पाण्याचा भोवरा तळापर्यंत पोचत नाही आणि गोटे पडून राहतात. म्हणून खळगा खोलीत मंदावतो आणि रुंदीत वाढत राहतो.

जुना_खोडरबर

अवांतरात अवांतर: गोटे गोल का होतात याचंही गणित आहे का?

त्रिज्या

आहे. आधी टोकं आणि कडा झिजतात, कारण धडक तिथेच बसते. तोवर गोट्याची लांबीरुंदी फारशी बदलत नाही. क्युरिऑसिटी यानाला २०१२ साली मंगळावर गुळगुळीत गोटे सापडले. २०१५ साली संशोधकांनी नुसत्या आकारावरून हिशेब केला की त्या गोट्यांनी वाहताना सुमारे २० टक्के वजन गमावलं असावं. आणि नदीच्या खालच्या अंगाला गोटे लहान का होत जातात, याचं घातांकी सूत्र स्टर्नबर्गनं १८७५ साली ऱ्हाइन नदीवरून दिलं. तुम्ही नाल्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे गोटे मोजून आलेख काढू शकता, पण मध्ये दुसरा ओढा येऊन मिळाला की आकडे बिघडतात.

विज्ञानमंच

धागा वर काढते. मी वाशीम जिल्ह्यात शाळेवर आहे. वरचं वाचून आम्ही विटांवर प्रयोग केला. काळा दगड झिजायला आयुष्य पुरणार नाही, म्हणून भट्टीची कच्ची भाजलेली वीट. तीन सारख्या बादल्या, प्रत्येकीच्या तळाशी वीट सिमेंटनं पक्की, वर पाणी. एकीत नुसतं पाणी, दुसरीत दोन मुठी खडी, तिसरीत खडीचा वीतभर थर. रंग ढवळायचं पातं ड्रिल मशीनला लावून तिन्ही सारखाच वेळ फिरवल्या. नुसत्या पाण्याच्या विटेवर भट्टीचा छाप तसाच राहिला. दोन मुठीवाल्या विटेची वरची कड बोटाला गोल लागते आणि छापाची अक्षरं गेली. तिसरीत वरची खडी तेवढी फिरली, खालची हललीच नाही, आणि वीट काढली तर अक्षरं वाचता येत होती. मुलांनी य(१ − य) फळ्यावर काढलं होतंच, आता ते बोटांनाही कळलं.

कोरपना_कट्टा

ताई, उत्तम! वजन केलं असेल तर वीट आधी भिजवून घेतली होती का? कच्ची वीट भरपूर पाणी पिते, नाहीतर झिजल्यावर वजन वाढलेलं दिसेल.

विज्ञानमंच

हो सर, रात्रभर बुडवून, बुडबुडे थांबल्यावर तोलली. सिमेंट लावलं ते नंतर, म्हणून शेवटी वजनापेक्षा पट्टीनं मोजलेल्या उंचीवरच भर दिला. पुढच्या वेळी सिमेंटऐवजी नटबोल्टनं बसवू.

बरडावरचा

ताई, तुमच्या मुलांना माझा नमस्कार सांगा. इकडची प्रगती: उतार नळीनं मोजला, हजाराला पाचच्या आसपास भरला. पुलाच्या खाली गोट्यांच्या पट्ट्यात लहानमोठे गोटे ऑइल पेंटनं रंगवून ठेवले होते, आकाराप्रमाणे वेगवेगळा रंग. पूर येऊन गेला. बाभळीच्या फांद्यांत अडकलेल्या कचऱ्यावरून पाणी मीटरभर चढलं असावं. त्रिज्या यांच्या हिशेबानं ६ सेंटिमीटरपर्यंतचे जायला हवे होते. लिंबाएवढे पिवळे बहुतेक गेले. नारळाएवढे लाल जागेवरच. मधल्या निळ्यांचं मात्र काही खरं नाही: उघड्यावरचे गेले, मोठ्या धोंड्याच्या आडोशाचे राहिले.

त्रिज्या

हे अपेक्षितच आहे. मिसळलेल्या गोट्यांत लहान गोटा मोठ्याच्या आड लपतो आणि मोठा गोटा उघडा पडल्यामुळे एरवीपेक्षा लवकर हलतो. त्यामुळे प्रत्येक आकाराला वेगळा शील्ड्स लावण्यापेक्षा मधल्या आकाराचा एकच उंबरठा धरा. तळावर आडवी दोरी टाकून हाताला येईल तो गोटा मोजत जा, शंभर गोटे झाले की त्यांचा मध्य घ्या.

विज्ञानमंच

पण य मोजायचा कसा? वरून किती माल येतो हे आपण कसं सांगणार?

पाटसरी

थेट मोजणं कठीण आहे. पण (१ − य) म्हणजे उघडा तळ, आणि तो दिसतो. नाल्याला आडवा फीत ताणा, दर फुटाला खाली पाहा आणि दगड आहे की गोटे-रेती एवढंच लिहा. असे आडवे छेद बंधाऱ्याच्या जागेपासून खाली वावरं संपेपर्यंत, साधारण पन्नास पन्नास मीटरवर घ्या. पूर ओसरल्याबरोबर एकदा आणि चैत्रात एकदा, कारण ओसरत्या पाण्यात रेती बसते आणि तळ भरपुरात होता त्यापेक्षा जास्त झाकलेला दिसतो. छेदांच्या खुणा काठावरच्या पक्क्या दगडावर रंगवा, झाडावर नको. आणि हे सगळं बंधाऱ्याचं काम सुरू व्हायच्या आधी झालं पाहिजे, नाहीतर नंतर तुलना करायला काही राहणार नाही.

बरडावरचा

दिवाळीच्या सुट्टीत घेतो. बंधाऱ्याच्या खाली सात शेतकऱ्यांची वावरं लागतात, त्यांनाही फीत धरायला बोलावतो. छेदांचे तक्ते इथेच टाकीन, सातपुडा_पायथा यांनी तडांमधलं अंतर कसं नोंदवायचं ते तेवढं लिहून ठेवावं.

सातपुडा_पायथा

सरळ रेषेत फीत ठेवा आणि तड जिथे जिथे फितीला छेदते तो आकडा लिहा. पाण्याच्या दिशेनं एकदा, आडवं एकदा. तडेत सुरीचं पातं शिरतं का, तेही लिहा. बुजलेली तड आणि उघडी तड यांत फार फरक पडतो.